आमच्या घरातील विश्वोत्पत्तीचा वाद

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला बाहेरच्या कोणा विदुषीला बोलवायचे आणि आपण सतरंजीवर बसून ऐकायचे, अशी आपली रीत. यंदा कार्यकारिणीने ठरवले की आपल्यापैकीच एकीने बोलावे, आणि चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा माझे नाव निघाले. निदान मला तरी तसे सांगण्यात आले. माझा आपला संशय असा की, २०२५ च्या श्रावणात आमच्या घरी झालेले भांडण भिंतीपलीकडे ऐकू गेले होते, आणि त्याचे पुढे काय झाले हे शेजारणींना जाणून घ्यायचे होते. तेव्हा आज ते भांडणच सांगते. भांडण लहानसहान नव्हते. जग केव्हा झाले आणि कोणी केले, ह्यावरून ते होते.

माझे शिक्षण सातवीपर्यंत. आमच्या गावी पुढची शाळा नव्हती आणि मुलीला रोज एस. टी.ने धाडायला वडील तयार नव्हते. त्यामुळे विश्वाच्या उत्पत्तीवर मी सभेत बोलणार आहे हे ऐकल्यावर ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि "गॅसची नळी बदलायची राहिली आहे, ते आधी बघ," एवढेच म्हणाले. नळी बदलून झाली आहे. आता बोलायला हरकत नाही.

आमच्या घरी श्रावणात सत्यनारायण असतो. त्या दिवशीही गुरुजींनी संकल्प सांगायला सुरुवात केली. ह्यांच्या हातावर पळीभर पाणी, आणि मी त्यांच्या हाताला हात लावून बसलेले. हा संकल्प आपण सर्वजणी इतक्यांदा ऐकतो की त्यात काय म्हटले आहे तिकडे लक्षच राहत नाही. त्यात आधी काळ सांगतात. ब्रह्मदेवाच्या आयुष्याचा उत्तरार्ध, श्वेतवाराह नावाचा कल्प, वैवस्वत मन्वंतर, कलियुग, त्याचा पहिला चरण. मग देश, नदीचा तीर, संवत्सर, महिना, तिथी, वार. आणि अगदी शेवटी आपले गोत्र आणि नाव. पाकिटावर आपण आधी नाव लिहितो आणि मग गाव. येथे उलटे आहे. एवढ्या अफाट काळात आणि एवढ्या मोठ्या पृथ्वीवर हा अमुक एक इवलासा माणूस बसला आहे, असे सांगून मग मागणे मागायचे. मला ते फार आवडते.

थोरला बी. एस्सी.च्या पहिल्या वर्षाला. गुरुजी गेल्यावर शिऱ्याची वाटी हातात घेऊन तो म्हणाला, "आबा, ह्या कल्पाबिल्पाला काही अर्थ नाही. विश्व १३८० कोटी वर्षांपूर्वी महास्फोटातून सुरू झालं. कमळातून कोणी आलं नाही. तुम्ही धाकटीला रोज रात्री खोटं सांगता."

आमच्या मामंजींनी सारी उमर प्राथमिक शाळेत मुलांना शिकवण्यात घालवली आहे. "तुम्ही चुकता" असे म्हटले असते तर त्यांनी वाद घातला असता. "खोटं सांगता" हा शब्द लागला. ते काही बोलले नाहीत. हात धुऊन आपल्या खोलीत गेले. त्या रात्रीपासून गोष्टी बंद झाल्या.

धाकटी तिसरीत आहे. रात्री आबांच्या पांघरुणात शिरून गोष्ट ऐकल्याशिवाय तिला झोप येत नसे. चार रात्री वाट पाहून ती स्वयंपाकघरात आली. माझे हात कणकेत होते. म्हणाली, "आई, आबा खोटं बोलतात का गं?"

भगिनींनो, 'होय' म्हणावे तर आजोबा गेले, आणि 'नाही' म्हणावे तर दादा गेला. मी तिला "जा, पाटपाणी घे," म्हणून तेथून घालवले. आपल्याला उत्तर येत नसले म्हणजे आपण असेच करतो. पण रात्री मला झोप लागली नाही.

गणपतीला भाऊजी मुंबईहून आले. त्यांचा स्वभाव समेटाचा. जेवण झाल्यावर सर्वांना एकत्र बसवून म्हणाले, "अरे, दोघेही बरोबर! महास्फोट आपल्या ऋषींना ठाऊकच होता. हिरण्यगर्भ म्हणजे दुसरं काय? आणि ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा, पृथ्वीचं वय शास्त्रज्ञ सांगतात ४५४ कोटी. जुळलं की नाही?" मोबाईलवर तसा मजकूरही आलेला होता, तो त्यांनी सर्वांना दाखवला.

खरे सांगते, मला फार बरे वाटले. भांडण मिटले, घराण्याचा मानही राहिला. पण थोरला म्हणाला, "मग ऋषींनी दुर्बीण कुठे ठेवली?" आणि ज्यांच्या बाजूने भाऊजी बोलत होते ते मामंजीही खूश झाले नाहीत. "पोथीला दुसऱ्याचं प्रमाणपत्र कशाला?" एवढे म्हणून उठून गेले. मामंजींना हे का रुचले नाही, ते मला कळेना. म्हणून मी वाचनालयाचे बंद पडलेले सभासदत्व पुन्हा सुरू केले.

डॉ. जयंत नारळीकर ह्यांचे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. आपल्या कोल्हापूरचे, जन्म १९३८ चा. २० मे २०२५ रोजी ते पुण्यात वारले, तेव्हा वर्तमानपत्रांत पानेच्या पाने आली होती. त्यांच्या पत्नी मंगलाबाई स्वतः गणितज्ञ. त्या २०२३ साली गेल्या. नारळीकरांचे 'आकाशाशी जडले नाते' हे पुस्तक मराठीतच आहे, म्हणून ते आधी आणले. दुपारी भांडी आटोपल्यावर चार-चार पाने वाची. अडले की थोरल्याला विचारी. पहिल्या दिवशी तो हसला. आठवड्यानंतर आपणहून जवळ येऊन बसू लागला.

आता मला जे समजले ते सांगते. महास्फोट म्हटले की आपल्याला सुतळी बॉम्ब आठवतो. तसे ते नाही. झबल्याला घालायचे इलॅस्टिक घ्या, त्यावर बोटबोट अंतरावर शाईचे ठिपके काढा आणि दोन्ही टोके धरून ताणा. प्रत्येक ठिपका दुसऱ्यापासून लांब जातो. जवळचा थोडा, लांबचा जास्त. कोणत्याही ठिपक्यावर बसून पाहिले तरी बाकीचे आपल्यापासूनच पळत आहेत असे वाटेल. आणि मधला खरा ठिपका कोणता, हे विचारण्यात अर्थ नाही. ठिपके म्हणजे ताऱ्यांची मोठमोठी कुटुंबे, दीर्घिका. इलॅस्टिक म्हणजे अवकाश. अमेरिकेत एडविन हबलने १९२९ साली दुर्बिणीतून हे दाखवून दिले की दीर्घिका जितकी लांब तितकी ती अधिक वेगाने दूर जाते आहे. आज सर्व दूर जात आहेत, तर काल जवळ होते, परवा त्याहून जवळ. असे मागे मागे गेले म्हणजे एक वेळ येते की सगळे एके ठिकाणी गच्च आणि अतिशय तापलेले होते. तो हिशेब १३८० कोटी वर्षे.

हबलच्या २ वर्षे आधी, १९२७ साली, केवळ गणिताने हे प्रसरण मांडणारा एक माणूस होता, आणि त्याची हकीकत वाचून मी चकित झाले. तो बेल्जियम देशातला एक धर्मगुरू होता. जॉर्ज लमेत्र त्याचे नाव. जन्म १८९४. पहिल्या महायुद्धात तोफखान्यात लढला, १९२३ साली त्याने दीक्षा घेतली, आणि लूवँच्या विद्यापीठात तो भौतिकशास्त्र शिकवी. गळ्यात पांढरी पट्टी, अंगात काळा झगा, आणि फळ्यावर आइन्स्टाइनची समीकरणे! खुद्द आइन्स्टाइनने त्याचे गणित बरोबर असल्याचे मान्य केले, पण विश्व प्रसरण पावते ही गोष्ट काही त्या वेळी त्याच्या गळी उतरली नाही. पुढे १९३१ साली लमेत्रने आणखी पुढचे पाऊल टाकले. सर्व विश्व आरंभी एका आदिम अणूत सामावलेले असावे, असे त्याने मांडले.

साहजिकच पुष्कळांना वाटले की हा पाद्री. बायबलातील उत्पत्ती हा मागच्या दाराने विज्ञानात आणतो आहे. गंमत अशी की, त्याने नेमके ह्याच्या उलट केले.

२२ नोव्हेंबर १९५१ रोजी रोम येथे पोप बारावे पायस ह्यांनी त्यांच्या विज्ञान अकादमीपुढे भाषण केले. त्यात ते म्हणाले, त्याचा मथितार्थ असा की, देवाने 'प्रकाश होवो' म्हटले तो क्षण आता विज्ञानाच्याही दृष्टीस पडला आहे, आणि विश्वाला आरंभ आहे त्याअर्थी त्याला निर्माता आहे. दुसरा कोणी पाद्री असता तर त्याने पेढे वाटले असते. आपल्याच गणिताला साक्षात पोपचा आशीर्वाद! पण लमेत्र अस्वस्थ झाला. व्हॅटिकनच्या वेधशाळेचे प्रमुखही धर्मगुरूच होते. त्यांच्या मध्यस्थीने त्याने आपले म्हणणे पोपमहाराजांच्या कानावर जाईल असे केले. पुढच्याच वर्षी, १९५२ च्या सप्टेंबरात, रोममध्ये जगभरचे ज्योतिर्विद जमले असता पोप पुन्हा बोलले. पण विज्ञानाने निर्मिती सिद्ध केली, हे विधान काही त्यांनी पुन्हा केले नाही.

हे वाचून मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ बसून राहिले. लमेत्राने असे का करावे? तो काही नास्तिक नव्हता. अखेरपर्यंत पाद्रीच राहिला, रोज प्रार्थना करी. सत्याकडे जाणाऱ्या दोन वाटा आहेत आणि आपण दोन्ही धरल्या आहेत, असे तो सांगे. पण एका वाटेवरचा दगड उचलून दुसऱ्या वाटेवर ठेवायला तो तयार नव्हता. त्याचे म्हणणे असे होते की आपला सिद्धांत हा मोजमापाचा आहे. उद्या नवे मोजमाप आले तर तो बदलेल, पडेलही. त्यावर देवाला उभे केले तर सिद्धांताबरोबर देवही पडायचा. शिवाय जो देव गणितात सापडतो तो त्याच्या श्रद्धेला पुरेसा नव्हताच.

मामंजींचे "प्रमाणपत्र कशाला?" तेव्हा मला थोडेसे कळले. आमच्या घरातले पोप म्हणजे भाऊजी, असे मनात येऊन हसूही आले. भाऊजी आज सभेला नाहीत म्हणून बोलते.

आता दुसरी बाजूही ऐका, नाहीतर थोरला म्हणेल की आईने पाद्र्याचीच कड घेतली. इंग्लंडात फ्रेड हॉयल म्हणून मोठे शास्त्रज्ञ होते. विश्वाला आरंभ असावा हे त्यांना मुळीच पसंत नव्हते, आणि धर्माशीही त्यांचे जमत नसे. १९४८ साली त्यांनी आणि त्यांच्या दोघा मित्रांनी निराळा सिद्धांत मांडला. दीर्घिका दूर जातात खऱ्या, पण मधल्या रिकाम्या जागेत अगदी हळूहळू नवे द्रव्य उत्पन्न होत राहते. त्यामुळे विश्व नेहमी होते आणि नेहमी असेच दिसेल. नदीचे पाणी वाहत असते, पण घाटावरून नदी तशीच दिसते, तसे. १९४९ साली नभोवाणीवर बोलताना विरुद्ध बाजूच्या सिद्धांताला 'बिग बँग' म्हणजे मोठ्ठा धडाका हे नाव हॉयल ह्यांनीच दिले, आणि तेच नाव जगात चिकटले. ह्याच हॉयल ह्यांच्या हाताखाली आपले नारळीकर केंब्रिजला शिकले. १९६४ साली गुरुशिष्यांनी मिळून गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला आणि १९६५ साली नारळीकरांना पद्मभूषण मिळाले. वय अवघे २६!

म्हणजे एकीकडे आरंभ मानणारा पाद्री, दुसरीकडे आरंभ न मानणारे हॉयल. ह्यांचा निवाडा कोणी केला? पोपने केला नाही, आणि हॉयल ह्यांच्या आवडीनिवडीनेही झाला नाही. तो झाला एका खरखरीने. १९६४ साली अमेरिकेत न्यू जर्सी येथे पेन्झियस आणि विल्सन हे दोघे एका मोठ्या कर्ण्यासारख्या आकाशकावर काम करीत होते. त्यात सतत एक बारीक खरखर येई. कोठेही वळवा, दिवस असो की रात्र, ती आहेच. कर्ण्यात कबुतरांनी घरटे केले होते. आपल्या माडीवरच्या खिडक्यांचा अनुभव ज्यांना आहे त्यांना हे सांगायला नकोच. त्यांनी कबुतरे हाकलली, ती परत आली; विष्ठा खरवडून काढली; तरी खरखर कायम. शेवटी कळले की ती विश्वाच्या बाल्यातील उष्णतेची शिल्लक आहे. सगळ्या आकाशात ती भरून आहे, आणि निवत निवत आता शून्याच्या खाली सुमारे २७० अंशांवर आली आहे. ह्या शोधाला १९७८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या जुन्या टीव्हीवर कार्यक्रम संपले की 'मुंग्या' येत, आठवते ना? त्यांतल्या काही थोड्या मुंग्या ह्याच खरखरीच्या होत्या. १३८० कोटी वर्षांपूर्वीची ऊब आपल्या माजघरात येत होती आणि आपण टीव्हीच्या डोक्यावर चापट मारीत होतो!

लमेत्र तेव्हा आजारी होता. १९६६ च्या जूनमध्ये तो वारला. त्याच्या थोडेच दिवस आधी ही बातमी त्याला कळली होती.

तेव्हापासून बहुतेक सर्व शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूचे आहेत. पण नारळीकरांनी हट्ट सोडला नाही. १९९३ साली हॉयल आणि जेफ्री बर्बिज ह्यांच्याबरोबर त्यांनी आपला सिद्धांत दुरुस्त करून पुन्हा मांडला. तो फारसा कोणी मानला नाही, तरी ते अखेरपर्यंत शंका विचारीतच राहिले. आणि त्याबद्दल त्यांचा मान काही कमी झाला नाही. मला हे फार विशेष वाटले. आमच्याकडे जाऊबाईंनी पुरणात जायफळाऐवजी वेलची घातली तर दोन वर्षे अबोला राहतो.

आता ह्या बर्बिज नावावरून एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. हे जेफ्री नवरा. बायको मार्गारेट बर्बिज, तीही ज्योतिर्विद. १९५७ साली चौघांनी मिळून एक मोठा निबंध लिहिला, त्यात हॉयल होते, आणि त्यावर पहिले नाव मार्गारेटचे आहे. विश्वाच्या आरंभी हायड्रोजन आणि हेलियम एवढेच काय ते मुख्यतः होते. बाकीची बहुतेक मूलद्रव्ये पुढे ताऱ्यांच्या पोटात शिजली, असे त्यांनी दाखवले. आपला लोखंडी तवा, दुधातले कॅल्शियम, आणि डॉक्टरीणबाई आपल्याला कमी आहे म्हणून गोळ्या देतात ते रक्तातले लोह, हे सगळे ताऱ्यांच्या चुलीवरचे. आणि ही बाई? माउंट विल्सनच्या दुर्बिणीवर बायकांना वेळ देत नसत, म्हणून कागदोपत्री नवऱ्याची मदतनीस होऊन तिला जावे लागे. असो.

हे सर्व वाचून झाल्यावर मी भाऊजींचा हिशेब तपासायला घेतला. दुधाचा हिशेब मी गेली २५ वर्षे ठेवते आहे, तेव्हा आकडे मला परके नाहीत. पण युगांची कोष्टके माहीत नव्हती, म्हणून धीर करून मामंजींच्या खोलीत गेले. त्यांनी पंचांग काढले. एक महायुग ४३,२०,००० वर्षांचे. अशी १००० महायुगे म्हणजे ब्रह्मदेवाचा दिवस, म्हणजे कल्प. ४३२ कोटी बरोबर. पण भाऊजी एक गोष्ट विसरले. कल्प अजून संपलेला नाही! गुरुजी संकल्पात सांगतात की हे सातवे मन्वंतर चालू आहे. सहा मन्वंतरे गेली, सातव्यातली २७ महायुगे गेली, अठ्ठाविसाव्यातले कलियुग लागले. मामंजी सांगत गेले आणि मी कॅलेंडरच्या पाठीवर मांडत गेले. मधले संधिकाळ धरून बेरीज आली सुमारे १९७ कोटी. म्हणजे पोथीच्याच हिशेबाने ब्रह्मदेवाचा हा दिवस अजून अर्धाही झालेला नाही. पृथ्वीचे वय ४५४ कोटी आणि विश्वाचे १३८० कोटी. त्यांच्याशी तुलनाच करायची तर ती १९७ शी करायला हवी, आणि ते जुळत नाही. ४३२ चा आकडा जवळ दिसला म्हणून उचलला, एवढेच. वाण्याने असा हिशेब दिला असता तर आपण त्याला पायरी चढू दिली नसती.

मला वाटले मामंजींना वाईट वाटेल. ते मात्र हसले. कितीतरी दिवसांनी हसले. म्हणाले, "सूनबाई, ह्या आकड्यांचं काम निराळं. आयर्लंडच्या एका आर्चबिशपने जग ख्रिस्तापूर्वी ४००४ साली झालं असं मोजून ठेवलं होतं. त्यापुढे आपले आकडे मोठे, म्हणून आपल्याला फुगायला होतं. पण आकडा मोठा म्हणून खरा होत नाही. माणसाने मी मी करू नये म्हणून तो एवढा मोठा ठेवला आहे."

मग मी विचारले, "मामंजी, मग कमळाचं काय? ते खरं की खोटं?"

ते म्हणाले, "पुराणात कमळ आहे. पुरुषसूक्तात यज्ञ आहे. हिरण्यगर्भ तिसरा. दासबोधात आकाशातून वायू, वायूतून अग्नी, अग्नीतून पाणी, पाण्यातून पृथ्वी. ही सगळी एकाच घरात पिढ्यान् पिढ्या नांदली. कमळवाल्याने यज्ञवाल्याचं डोकं फोडलं असं मी तरी ऐकलं नाही. ह्या जमिनीच्या मोजणीच्या नोंदी असत्या तर दोन नोंदी जुळत नाहीत म्हणून केव्हाच दावा लागला असता. ज्यांनी त्या सांगितल्या त्यांना हे कळत होतं." आणि मग त्यांनी नासदीय सूक्त काढले. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले १२९ वे, अवघ्या ७ ऋचांचे. आपण लहान असताना दूरदर्शनवर 'भारत एक खोज' लागे, त्याच्या सुरुवातीच्या गाण्यात ह्याच सूक्ताचा हिंदी अनुवाद होता. अर्थ न कळताही अंगावर काटा येई. मामंजींनी अर्थ सांगितला. तेव्हा असणेही नव्हते आणि नसणेही नव्हते, असे सांगून कवी विचारतो की हे कोठून आले, कोण जाणतो? देव तरी कसे सांगतील, ते तर नंतरचे. आणि सर्वांत वर बसून जो हे पाहतो त्याला ठाऊक असेल. किंवा कदाचित त्यालाही ठाऊक नसेल.

मी पुन्हा विचारून खात्री करून घेतली. वेदातच असे आहे? "वेदातच आहे," मामंजी म्हणाले.

थोरला दारात उभा होता. केव्हापासून, कोण जाणे. त्याने आत येऊन विचारले, "शेवटी उत्तर नाही दिलं?"

"नाही दिलं."

"आबा, आमच्याकडेही अगदी पहिल्या क्षणाला गणित चालत नाही. त्याआधी काही होतं का, ह्याचं उत्तर अजून कोणाकडे नाही." आणि मग खाली बघून म्हणाला, "पण ह्याचा अर्थ ऋषींना महास्फोट ठाऊक होता असा नाही हं."

"मी कधी म्हटलं तसं? ते तुझा काका म्हणाला."

भगिनींनो, त्याने माफी मागितली नाही. तो मागणाऱ्यातला नाही, आजोबांवर गेला आहे. पण खाटेच्या कडेला बसून त्याने त्या खरखरीची आणि कबुतरांची हकीकत मामंजींना सांगितली. आणि मामंजींनी एका जागी थांबवून विचारले, "२७० अंश म्हणजे उणे ना? नीट सांग, मुलांचा गोंधळ होतो." मी चहा टाकायला उठले.

धाकटीच्या प्रश्नाचे उत्तर मात्र राहिले होते. ते मी दिले नाही. तिनेच आबांना विचारले. त्या रात्री तिने त्यांच्या पांघरुणात शिरून विचारले, "आबा, कमळाची गोष्ट खरी का?" मी दाराआड श्वास रोखून उभी. मामंजी म्हणाले, "ती गोष्ट आहे. मला माझ्या आजीने सांगितली, तशी मी तुला सांगतो. जग कसं झालं हे मोजून काढलेलं आहे, ते दादाकडून ऐकायचं. शाळेच्या पेपरात दादाचं लिहायचं."

"आणि झोपताना?"

"झोपताना माझं."

आता गोष्टी सुरू आहेत. मधूनमधून थोरलाही तेथे जाऊन बसतो आणि चुका काढतो. मामंजी त्याच्या चुका काढतात. गोंगाट पूर्वीपेक्षा जास्तच होतो, त्याबद्दल शेजारणींनी क्षमा करावी.

जाता जाता मंडळाच्या कामाची एक गोष्ट. नारळीकरांनी १९८८ साली पुण्याला विद्यापीठाच्या आवारात 'आयुका' ही संस्था उभी केली. विज्ञानदिनाच्या निमित्ताने तेथे आपल्यासारख्या सामान्य माणसांनाही आत जाऊन पाहता येते. तेथल्या चौकात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन असे चौघांचे पुतळे आहेत. मंडळाची सहल तेथे न्यावी असे ठरत आहे. एस. टी.ची गाडी करायची तर निदान ४० नावे हवीत. चिटणीसबाईंकडे वही आहे. पुरुषांना घ्यायचे की नाही ह्यावर कार्यकारिणीत मतभेद आहेत, पण आमच्या मामंजींनी वहीत आपले नाव आधीच लिहून टाकले आहे आणि पुढे कंसात 'खिडकीजवळ' असे लिहिले आहे. ते आता खोडायचे कोणी, हे अध्यक्षीणबाईंनीच सांगावे.